नऊ शब्दांचं पायथन

माझ्या बायकोनं सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं तेव्हा तिच्या हातात एक्कावन्न दिवस होते. मी कॅलेंडरवर मोजले होते. रविवार धरून एक्कावन्न.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या राइट टाउन भागात एका शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत ती तेव्हा बारा वर्षं सहायक होती. सकाळी चोवीस मशीनं सुरू करायची, दुपारी बंद करायची, बिघडलेले माउस वेगळे काढायचे, खुर्च्या गरगर फिरवणाऱ्या मुलांना दटावायचं, हे तिचं काम. त्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना मुलं मॅडम म्हणतात आणि सहायक बाईंना दीदी. त्यात कुणी तिचा अपमान करत होतं असं नाही. पण ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे आणि लग्नाआधी दोन वर्षं तिनं वर्गात उभं राहून शिकवलेलं आहे, हेही सांगायला हवं.

त्या एप्रिलमध्ये सहावीला संगणक शिकवणाऱ्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. मेच्या सुरुवातीला प्राचार्या बाईंनी हिला बोलावून सांगितलं, की सहावीला या वर्षापासून पायथन लागतंय. तुम्ही तयारी करा, जूनच्या शेवटच्या शनिवारी एक धडा शिकवून दाखवा. जमला तर वर्ग तुमचा. नाही जमला तर बाहेरून माणूस घेऊ. बाहेरचा माणूस आला की ती जागा पुन्हा लवकर रिकामी होणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला घरी आल्यावर तिनं पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "मी हो म्हणून आली."

"पायथन येते तुला?"

"नाही येत. म्हणूनच तर तुम्हाला सांगून राहिली ना."

"काहून हो म्हटलं मग?"

"बारा वर्षं दुसऱ्याच्या वर्गाचे स्क्रीन पुसले, म्हणून."

मी कॅलेंडर खाली काढलं आणि दिवस मोजायला लागलो.

मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. भाग मोजायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. मापांचे तक्ते हातानं करण्याचा कंटाळा येऊन सात वर्षांपूर्वी मी पायथन शिकलो. कुणी शिकवलं नाही, गरजेपुरतं जमवलं. त्यामुळे तिला शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आमची मुलगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीसाठी घरी आलेली. तिचं पहिल्या वर्षाचं पुस्तक आम्ही काढलं. सहाशे चाळीस पानं.

पहिले दोन आठवडे मला आठवले की अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं. मी रोज संध्याकाळी सहा ते साडेसात तिच्याशेजारी बसायचो. खोलीत कूलरचा एवढा आवाज, की मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागे, आणि दुसऱ्यांदा म्हणताना ते नकळत रागाचं वाटे. सवयीप्रमाणे मी एक वही सुरू केली होती. त्यात तिची प्रत्येक चूक, मशीनचा निरोप आणि ती चूक कुणी सुधारली, हे लिहीत होतो. दोन आठवड्यांत चुका चौसष्ट. त्यातल्या तिनं स्वतः शोधून सुधारलेल्या अकरा.

मला वाटत होतं, चुका जास्त आहेत म्हणजे सराव कमी पडतोय. हा माझा निष्कर्ष चुकीचा होता. तो कसा चुकीचा होता ते मला एक लाख पंचवीस हजारांनी दाखवलं.

तिनं स्वतःच एक उदाहरण बनवलं होतं. शाळेच्या टाकीतून महिन्याला एक लाख पंचवीस हजार लिटर पाणी जातं, शाळा पंचवीस दिवस भरते, तर रोजचं पाणी किती? सहावीच्या मुलांना समजेल असं, साधं. तिनं पहिल्या ओळीत पाण्याचा आकडा लिहिला, दुसऱ्या ओळीत पंचवीसनं भागलं. मशीननं इंग्रजीत सांगितलं की टपल आणि इंट, म्हणजे पूर्णांक, यांचा भागाकार होत नाही.

"टपल काय असते?" तिनं विचारलं.

"टपल इथं नाहीच आहे," मी म्हणालो. "तू काय लिहिलं?"

तिनं भागाकार काढला आणि नुसता आकडा छापून पाहिला. पडद्यावर आलं: कंस, एक, पंचवीस, शून्य, कंस पूर्ण.

आम्ही दोघं त्या तीन आकड्यांकडे पाहत राहिलो. तिनं तो आकडा आपण सगळे लिहितो तसा लिहिला होता, १,२५,०००. स्वल्पविराम घालून. पायथनला स्वल्पविराम दिसला की ते समजतं, ही वेगवेगळ्या वस्तूंची यादी आहे. एक ही एक वस्तू, पंचवीस ही दुसरी, आणि तीन शून्यं मिळून एक शून्य ही तिसरी. त्यानं मुकाट्यानं तीन वस्तूंची मोळी बांधली. त्या मोळीचं नाव टपल. सात वर्षांत मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण आमचे आकडे मिलिमीटरचे. त्यात लाख येत नाहीत.

"एका लाखाचे तीन तुकडे केले आणि बोललं पण नाही?" ती म्हणाली. "आणि मग भागाकारावर काहून ओरडून राहिलं? भागाकार तर बरोबर आहे माझा."

तिनं आकडा बदलला. सुट्टीच्या महिन्याचं पाणी घेऊ म्हणाली, एक लाख पाच हजार. १,०५,००० असं लिहिल्याबरोबर मशीन पहिल्याच ओळीवर अडलं. निरोप असा, की आकड्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही, आठाच्या पायावरचा आकडा हवा असेल तर अमुक खूण लावा.

"आठाचा पाया?"

मी समजावायला कागद ओढला आणि परत ठेवला. टाकीतलं पाणी मोजायला निघालेल्या बाईला मी आठाच्या पायावरची मोजणी शिकवणार होतो. तिनं मशीन बंद केलं, उठली आणि कणीक मळायला गेली. आतून म्हणाली, "मला वाटते मीच ढ आहे. प्राचार्या मॅडमला सांगून देते सोमवारी."

दिवस उरले होते सदतीस.

त्या संध्याकाळी मी वही पुन्हा वाचली, या वेळी चुका सोडून नुसते मशीनचे निरोप. चौसष्टपैकी एकोणचाळीस निरोपांत असा किमान एक शब्द होता जो तिला अजून शिकवलेलाच नव्हता. आणि सात वेळा तर निरोपच नव्हता. चूक होती, पण ती भाषेच्या दुसऱ्या कुठल्या तरी नियमात बरोबर बसत होती, म्हणून मशीन गप्प. पाच हा आकडा विचारून घेतला आणि तिनं तो तीननं गुणला, तर पंधराऐवजी पाचशे पंचावन्न आलं होतं. मशीनच्या लेखी ते पाच हे अक्षर होतं आणि तिनं ते तीनदा लिहायला सांगितलं होतं.

म्हणजे मशीन असं धरून चाललं होतं, की समोर बसलेल्या माणसाला सगळी भाषा येते. पायथनचे राखीव शब्द पस्तीस, त्याशिवाय तयार कामं सत्तरच्या आसपास. तिला त्यातली दहा-बारा माहीत. ती त्या दहा-बारांतच चुकत होती, पण मशीन तिला उरलेल्या नव्वदांच्या भाषेत उत्तर देत होतं.

आमच्या विभागात नवा माणूस आला की त्याला सगळी कपाटं उघडून देत नाहीत. पहिले दोन महिने एक फळी, त्यावर चार साधनं. बाकीला कुलूप. त्याला कमी अक्कल आहे म्हणून नव्हे. चारच साधनं असली की त्यानं चुकीचं साधन उचलण्याच्या शक्यता मोजता येतात, आणि त्याची चूक शेजारच्या माणसाला लगेच दिसते. हे मी वीस वर्षं पाहतोय आणि घरी मात्र बायकोसमोर सगळं कपाट उघडं टाकून बसलो होतो.

मी कागद घेतला आणि टाकीचं उदाहरण सोडवायला खरोखर काय लागतं ते लिहिलं. छापणे, विचारणे, विचारलेल्याचा आकडा करणे. जर, नाही तर, जोपर्यंत, म्हणजे पायथनचं व्हाइल. आणि, किंवा, नाही. नऊ शब्द. चार क्रियांची चार चिन्हं, बरोबरच्या दोन खुणा, लहान-मोठं, कंस, अवतरण आणि कोलन. अकरा चिन्हं. बास. स्वल्पविराम त्यात नाही.

प्राचार्या बाईंकडे जायला आठवडाभर थांब असं तिला सांगून, दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस मी कारखान्यातून आल्यावर एक प्रोग्राम लिहिला. दोनशे बारा ओळी झाल्या. त्याचं काम एवढंच: तिनं लिहिलेलं आधी वाचायचं, नऊ शब्द आणि अकरा चिन्हांच्या बाहेरचं काही दिसलं तर तिथेच थांबून मराठीत सांगायचं, आणि सगळं यादीतलं असेल तर खऱ्या पायथनकडे सोपवायचं. आकड्यात स्वल्पविराम आला तर निरोप: "आकडा सलग लिहा, १२५०००." विचारून घेतलेल्याचा आकडा करायला विसरली तर: "आधी याचा आकडा करा, मग गणित."

मुलगी हे सगळं पाहत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

"बाबा, ये क्या बना रहे हो? आधी भाषा?"

"अर्धी नाही. नऊ शब्द."

"फॉर नहीं है इसमें! बिना फॉर के कौन लिखता है?"

"व्हाइल आहे. फेऱ्या त्यातही मारता येतात, फक्त मोजणी आपण करायची."

"होता है, लेकिन कोई करता नहीं. आई बाहर जाके लिखेगी तो लोग हँसेंगे. बाबा, तुम्ही तर पायथनचे दात काढून राहिले!"

एवढं वाक्य तिनं मराठीत म्हटलं म्हणून तिची आई हसली. अभ्यास सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

मुलीचा मुद्दा मी नाकारला नाही. शिकणाऱ्याला छोटी भाषा देऊन मग एक दिवस खऱ्या भाषेत ढकलायचं, यात धोका आहेच. पण माझी नऊ शब्दांची भाषा वेगळी भाषा नव्हती. तिच्यात लिहिलेलं प्रत्येक पान खऱ्या पायथनमध्ये जसंच्या तसं चालत होतं. पुढे गेल्यावर तिला काही विसरावं लागणार नव्हतं, फक्त भर घालायची होती. मी मुलीला म्हटलं, तू यात लिहिलेलं असं एक पान दाखव, जे बाहेर चालणार नाही. ती तासभर बसली. सापडलं नाही. उलट माझ्या प्रोग्रामातल्या दोन चुका तिनं काढल्या आणि कुठल्याही आनंदाशिवाय सुधारून दिल्या.

"ठीक है," ती म्हणाली. "मगर मैं इसको भाषा नहीं बोलूँगी."

"नको बोलू. तू आईची परीक्षा घे रोज अर्धा तास."

पुढच्या चार आठवड्यांची वही माझ्याकडे आहे. त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत चुका अठ्ठावन्न, म्हणजे फार कमी झाल्या नाहीत. पण त्यातल्या तिनं स्वतः सुधारलेल्या एकोणपन्नास. मला हा आकडा फार आवडला. चुकण्याचं प्रमाण जवळपास तेच राहिलं आणि तरी माणूस बदलला. आता ती निरोप मोठ्यानं वाचायची, "अच्छा," म्हणायची आणि बोट त्या ओळीवर ठेवायची. मी शेजारी बसायचं बंद केलं. कूलरच्या आवाजावरून ओरडायचंही बंद झालं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसायचो आणि आतून तिचा आवाज यायचा, "अहो, झालं!" कधी मला न सांगताच व्हायचं.

तिनं एकतीस उदाहरणं तयार केली. टाकीचं पाणी, वर्गाची उपस्थिती, बसच्या फेऱ्या, झाडाची रोजची वाढ. शेवटचं तिच्या जुन्या विषयातलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे निरोप हिंदीत केले, कारण शाळेतली मुलं हिंदीवाली. मुलीनं हिंदी तपासलं. मी लिहिलेलं "अंक अखंड लिखिए" तिनं काढून टाकलं, म्हणाली, हे पूजेच्या दिव्यासारखं वाटतं. तिनं लिहिलं, "संख्या बिना कॉमा के लिखो."

शनिवारी मी अर्धी रजा घेतली. मोटरसायकलवर तिला राइट टाउनला सोडलं आणि शिपायाला विचारून प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. आत सहावीची बावीस मुलं, मागच्या रांगेत प्राचार्या बाई आणि गणिताचे सर.

तिनं टाकीचं उदाहरण घेतलं. आवाज सुरुवातीला बारीक होता, पाचव्या-सहाव्या मिनिटाला नेहमीचा झाला. मुलांनी लिहायला घेतलं. अपेक्षेप्रमाणे निम्म्या वर्गानं आकड्यात स्वल्पविराम घातले, आणि अपेक्षेप्रमाणे त्याच निम्म्या वर्गानं निरोप वाचून ते काढून टाकले. एकानंही हात वर केला नाही. गणिताचे सर उठून एका रिकाम्या मशीनवर बसले. त्यांनी साधं पायथन उघडून तोच आकडा स्वल्पविरामासकट लिहिला असावा, कारण थोड्या वेळानं त्यांचा आवाज ऐकू आला, "अरे, ये एक, पच्चीस, ज़ीरो क्या दे रहा है?"

"सर, उसको लगा आप तीन चीज़ें दे रहे हैं," बायको म्हणाली. मी बाकावर सरळ बसलो.

आणि मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिनं पंचवीस दिवसांचं पाणी रोज एक ओळ असं छापायला घेतलं होतं, आणि त्यासाठी फॉर वापरला होता. ती बाहेर कुठे तरी शिकवणीला जात होती. माझ्या प्रोग्रामानं तिला सांगितलं, "ग़लत. यह शब्द नहीं होता."

"मैम, होता है," मुलगी म्हणाली. "हमारे ट्यूशन वाले सर ने सिखाया है. घर पे चलता भी है."

"बच्ची सही कह रही है," गणिताचे सर म्हणाले.

त्या क्षणी माझी चूक मला लख्ख दिसली, आणि ती पूर्णपणे माझीच होती. वीस वर्षं मी दोनच चिठ्ठ्या लावत आलो. मापात आहे, मापात नाही. नकाशात जे नाही ते बाद, आणि शंका असेल तरी बाद, कारण आमच्याकडे चांगला भाग बाद झाला तर फक्त धातू वाया जातो. त्याच सवयीनं मी यादीबाहेरच्या प्रत्येक गोष्टीला "ग़लत" म्हणून मोकळा झालो होतो. चूक असलेलं आणि अजून न शिकवलेलं, या दोन्हीला एकच लाल चिठ्ठी. मशीननं एका अकरा वर्षांच्या मुलीला खोटं सांगितलं होतं, आणि ते माझ्या बायकोच्या तोंडून सांगितल्यासारखं झालं होतं, प्राचार्या बाईंसमोर.

ती त्या मुलीच्या मशीनपाशी गेली आणि तिनं पडद्यावरचा निरोप वाचला.

मग तिचा आवाज आला. "बेटा, तुम ग़लत नहीं हो. मशीन का मैसेज ग़लत है. फॉर पाइथन में होता है. आज की हमारी सूची में नहीं है, बस."

"आपको आता है मैम?"

"थोड़ा आता है. तुम्हारे जितना शायद नहीं. अभी इसी को व्हाइल से लिख के दिखाओ, तुमको मालूम पड़ेगा फॉर अंदर से क्या करता है."

मुलगी मान खाली घालून लिहायला लागली. तिला दोन वेळा अडलं, दोन्ही वेळा निरोप बरोबर होते, आणि पंचवीस ओळी छापल्या गेल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "देख, गिनती ख़ुद बढ़ानी पड़ती है."

मुलं गेल्यावर प्राचार्या बाई पुढे आल्या. मी बाकावरून उठून जायला हवं होतं, उठलो नाही.

"फॉर आपको नहीं आता?" त्यांनी विचारलं.

"मैडम, जितना पढ़ाना है उतना पूरा आता है," ती म्हणाली. "उसके आगे का आधा आता है. आधा मैं पढ़ाऊँगी नहीं. पहले पूरा करूँगी."

"और जो बच्चे आगे हैं? वो बैठे रहेंगे?"

"उनके लिए सूची खोल दूँगी. बाकी के लिए बंद रहेगी. सबकी सूची एक जैसी हो, ये ज़रूरी थोड़ी है."

हे तिनं माझ्याशी कधी बोललेलं नव्हतं. माझ्या प्रोग्रामात तशी सोयही नव्हती. ती तिथल्या तिथे ठरवून मोकळी झाली.

प्राचार्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, की बावीस मुलांपैकी एकानंही कॉमासाठी बोलावलं नाही, हे त्यांनी मोजलं. मला तो माणूस त्याच क्षणी आवडला. निर्णय असा झाला: सहावीची एक तुकडी तिची, सहामाहीपर्यंत. आठवड्यातून एकदा सर येऊन बसतील. दुसऱ्या तुकडीसाठी बाहेरून कुणी तरी घेतील. सहामाहीनंतर पुन्हा पाहू.

मागितलं होतं त्याच्या निम्मं मिळालं. मोटरसायकलवर बसताना मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "निम्मं पूर्ण माझं आहे ना? मग झालं," आणि वाटेवरच्या गोरखपुर मोहल्ल्याच्या बाजारातून जाऊ म्हणाली, तिला वर्गासाठी चांगली बॉलपेनं हवी होती.

त्याच दिवशी पाचच्या सुमारास मी प्रोग्राम उघडला. "ग़लत" हा शब्द एकूण सतरा ठिकाणी होता. त्यातल्या सहा ठिकाणी खरोखर चूक होती, तिथे राहू दिला. अकरा ठिकाणी लिहिलं, "यह पाइथन में है. हम आगे सीखेंगे." मुलीनं वाचून मान हलवली आणि पहिल्यांदाच "भाषा" हा शब्द वापरला. "अब ये भाषा थोड़ी ईमानदार लग रही है." मग प्रत्येक मुलासाठी वेगळी यादी उघडता येईल अशी सोय तिनं आणि मी मिळून घातली. त्यात चार दिवस गेले, कारण आम्ही भांडत होतो.

जुलैत वर्ग सुरू झाला. छोट्या भाषेचे सगळे गुण वर्गात टिकले असं म्हणणार नाही. तीन मुलांना पहिल्याच आठवड्यात ती अपुरी पडली आणि त्यांच्या याद्या उघडाव्या लागल्या. एकाला वाटलं, आपल्याला मुद्दाम कमी शिकवतात, आणि त्याच्या वडिलांनी येऊन विचारलं. तिनं त्यांना मशीनसमोर बसवून एक लाख पंचवीस हजार लिहायला लावले. त्यांनी स्वल्पविराम घालून लिहिले, निरोप वाचला आणि "अच्छा, अच्छा," म्हणत उठले.

दुसऱ्या महिन्याची पायरी मी आधीच आखून ठेवली होती. नऊ शब्दांत चार घालायचे, कुठले चार तेही ठरलेलं. तक्ता करून मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. तिनं पोळी खाता खाता वाचला, बॉलपेन मागितलं आणि दोन शब्दांवर काट मारली. मग तक्त्यात वर सरकून पहिल्या नऊ शब्दांतल्या "नाही"वरही काट मारली.

"हा काहून काढला? तो तर आधीपासून आहे."

"मुलं त्यात अडकून राहिलीत. जर असं नाही तर मग तसं नाही, सगळा गोंधळ. मोठं-लहान उलटं करून भागते."

"पण मग जुन्यातले आठच उरतात. आणि दोन उदाहरणांत तो वापरलाय."

"मग ती दोन बदलू. वर्गात उभी कोण राहते, तुम्ही की मी?"

"तू."

"मग यादी मी करीन. तुम्ही फक्त मशीनला सांगा."

मी ताट सरकवून लॅपटॉप जवळ ओढला. यादीतून तो शब्द काढला आणि एकतीसच्या एकतीस उदाहरणं चालवून पाहिली. एकोणतीस चालली. उरलेली दोन तिनं, मी भांडी आत नेईपर्यंत, नव्यानं लिहून टाकली. तीही चालली.